स्वयंसेवकांच्या वतीने बोलायचं कुणी?

सोलापुरात सिद्धेश्वरांची जानेवारीतली गड्ड्याची यात्रा असो, गणपतीची विसर्जन मिरवणूक असो की आषाढीची तयारी, आधी नियोजनाची बैठक होते. पोलीस, महापालिका, महावितरण, आरोग्य विभाग, मंडळांचे पदाधिकारी सगळे हजर असतात. मंडपवाले आणि स्टॉलवाले यांच्या वतीने बोलायलाही कुणी ना कुणी असतं. पण गड्ड्याच्या यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या गर्दीत हाताची साखळी करून तासन्‌तास उभी राहणारी पोरं, वारीच्या वाटेवर पाणी वाटणाऱ्या बायका, रक्तदान शिबिरात सकाळपासून नोंदी करणारे विद्यार्थी यांचा उल्लेख एका वाक्यात संपतो: ‘आमचे दोनशे कार्यकर्ते असतील.’ त्या दोनशेंना जेवण किती वाजता, बदली कुणी द्यायची, कुणी चेंगरलं तर दवाखान्याचा खर्च कुणाचा, हे त्या बैठकीत कुणी विचारत नाही. विचारणारा माणूस तिथे बोलावलेलाच नसतो.

म्हणून माझं मत आधीच सांगतो. स्वयंसेवकांना संघटित प्रतिनिधित्व हवं, म्हणजे शहरभरच्या स्वयंसेवकांचा स्वतःचा मंच हवा. ते सध्या काम करत असलेल्या स्वयंसेवकांनीच करायला हवं. त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या संस्थेने, नगरसेवकाने किंवा अधिकाऱ्याने करून ते भागणार नाही.

‘सेवेत कसले आले हक्क?’ हा प्रश्न सोलापुरात हमखास येतो आणि तो विचारणारे बहुतेक जण मनापासून विचारतात. सेवा फुकट असते हे खरं. पण सेवा करणाऱ्याचा मोडलेला हात फुकट बसत नाही. आपण पैसे मागत नसून जखम, अपमान आणि पदरचा खर्च यांचा हिशेब कुणीतरी ठेवावा एवढंच मागतोय, हे एकदा नीट समजावलं की समोरचा माणूस सहसा ऐकून घेतो.

आधी निवड करा: स्वयंसेवक कोण आणि कामगार कोण

ही पायरी चुकली की पुढचं सगळं फिसकटतं. आपल्याकडे ‘स्वयंसेवक’ या नावाखाली दोन अगदी वेगळे गट आहेत.

आशा ताईंचं बघा. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा अशी रचना झाली आणि त्यांचा दर्जा ठरला मानद स्वयंसेविकेचा. बाळंतपणासाठी दवाखान्यात नेणं, लसीकरण, सर्वेक्षण, ऑनलाइन नोंदी, सगळं ठरलेल्या मुदतीत करायचं. काम चुकलं तर जाब आहे, मोबदल्यावर घर चालतं आणि कागदावर मात्र स्वयंसेविका. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. महाराष्ट्रात त्यांच्या मोबदल्यात दरमहा पाच हजारांची वाढ मंजूर झाली ती मार्च २०२४ मध्ये, मोठा संप आणि मुंबईतलं आंदोलन झाल्यावर. गौरव आपसूक आला, पैसे संघटनेने आणले. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केलं, तेही ‘मानधनावरच्या मानसेवी’ हा शिक्का बाजूला ठेवून.

तेव्हा प्रत्येक माणसाबाबत तीन प्रश्न विचारावेत. हजेरीची वेळ दुसरं कुणी ठरवतं का? गैरहजर राहिल्यास पैसे कापले जातात किंवा काढून टाकतात का? मिळणाऱ्या रकमेवर घरातली चूल अवलंबून आहे का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर तो माणूस कामगार आहे. त्याची जागा कामगार संघटनेत आहे, आणि विडी कामगारांच्या लढ्यांची परंपरा असलेल्या या शहरात तशा संघटना शोधत फिरावं लागत नाही. अशांना ‘स्वयंसेवक मंचा’त ओढणं म्हणजे त्यांचा पगाराचा दावा कमकुवत करणं. पुढे लिहितोय ते उरलेल्यांसाठी: स्वतःचा वेळ देणारे, मोबदला न घेणारे, उद्या येणार नाही म्हणाले तर ज्यांना कुणी अडवू शकत नाही असे.

मागण्या मोजक्याच आहेत

पहिली मागणी विम्याची, आणि त्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. कामगाराला कामावर इजा झाली तर नुकसानभरपाईचा कायदा आहे. स्वयंसेवक त्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे विमा आधी उतरवला नसेल तर नंतर वर्गणी काढण्यावाचून मार्ग राहत नाही.

सगळ्यात स्वस्त आधार प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा. वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला एक लाख. हप्ता माणसाच्या स्वतःच्या बँक खात्यातून कापला जातो, संस्थेला सगळ्यांच्या वतीने एक धनादेश देता येत नाही. संस्थेने करायचं ते एवढंच: फॉर्म भरून घ्यायचे आणि साठ जण असतील तर बाराशे रुपये त्यांना परत द्यायचे. इथे नेमकं काय बिघडतं? विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं. मेअखेरीस खात्यात वीस रुपये शिल्लक नसतील तर हप्ता कापला जात नाही, संरक्षण थांबतं, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. शून्य शिलकीच्या जनधन खात्यांत हे फार होतं. म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकाला आठवण करून द्यायची आणि जूनमध्ये पासबुकातली कपातीची नोंद बघायची. वारसदाराचं नाव कोरं ठेवू नका. एकाच माणसाची चार खाती असली तरी दावा एकदाच मिळतो. साप चावणं किंवा झाडावरून पडणं अशा प्रसंगी दवाखान्याची तातडीची नोंद लागते, तेव्हा आधी वैदूकडे नेऊन मग दवाखाना गाठला तर जीवही जातो आणि दावाही.

या योजनेत उपचाराचा खर्च मिळत नाही. पाय मोडून दोन महिने घरी बसलेल्याला तिचा काही उपयोग नाही. त्यासाठी गट वैयक्तिक अपघात विमा असतो. सर्वसाधारण विमा कंपन्या तो ठरावीक मुदतीसाठीही देतात, पण उपचारखर्चाची जोड मागून घ्यावी लागते, ती आपोआप येत नाही. कंपनीला नावं आणि वयांची यादी लागते. यादीत नाही तो विम्यात नाही. आपल्याकडे ऐन दिवशी ‘चल, तूही ये’ म्हणून जोडली जाणारी पोरंच बहुधा दोरखंडाच्या टोकाला उभी असतात, आणि नेमकी तीच यादीबाहेर राहतात. आदल्या दिवशी संध्याकाळी यादी बंद करायची आणि नंतर आलेल्याला गर्दीचं, पाण्याचं किंवा विजेचं काम द्यायचं नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांनाही ही तीन कामं द्यायची नाहीत, घरच्यांची चिठ्ठी असली तरीही.

दाव्याच्या वेळी एक साधा कागद सगळ्यात जास्त कामी येतो, तो म्हणजे हजेरीचं रजिस्टर. नाव, काम, ठिकाण, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. माणूस त्या दिवशी, त्या वेळी, त्या कामावर होता हे दाखवायला याहून भक्कम पुरावा नसतो. आणि जे नंतर एका बैठकीत बसून एकाच पेनाने भरलं जातं, ते रजिस्टर कुणीही ओळखतं.

काही ठिकाणी स्वयंसेवकाकडून ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर काम करत आहे’ असं लिहून घेतात. या ओळीने ना विमा मिळतो ना उपचार. तिथे सही करण्याऐवजी दुसरा एक पानी कागद मागावा: काम काय, किती तास, सूचना कुणाच्या ऐकायच्या, खर्च कोणता मिळेल, विमा कोणता, तक्रार कुणाकडे, रक्तगट आणि घरचा फोन. हा कागद मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही हवा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांत तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड आणि शहरभर दखनी उर्दू बोलली जाते. तक्रार कुठे करायची हे कळलंच नाही, तर तक्रारपेटी ठेवून काय उपयोग?

दुसरी मागणी पदरच्या खर्चाची. पेट्रोल, रिक्षा, मोबाइलचा रिचार्ज, जेवण. हे पावतीवर किंवा सही केलेल्या व्हाउचरवर द्यावं. दरमहा सगळ्यांना सरसकट ठरावीक रक्कम दिली की ती हळूहळू पगार होते. मग माणूसही तिच्यावर विसंबतो आणि संस्थेचे कागदही अडचणीत येतात. ऐपतवाला खर्च मागत नाही आणि गरजवंताला मागायची लाज वाटते, हे आपलं जुनं दुखणं. त्यावर उपाय एकच, व्हाउचर सगळ्यांनीच भरायचं. ज्याला नको त्याने ते पैसे देणगी म्हणून परत करावेत.

तिसरी मागणी बायका-मुलींच्या सुरक्षिततेची, आणि इथे कायदा आधीच आपल्या बाजूने आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ‘कर्मचारी’ या व्याख्येतच मोबदला न घेता, स्वेच्छेने काम करणारी व्यक्ती येते. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती लागते. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार संस्थेच्या प्रमुखाविरुद्धच असेल, तर जिल्हा पातळीवरची स्थानिक समिती आहे. तक्रार लेखी आणि तीन महिन्यांच्या आत करायची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. ‘ती काय आमच्या पगारावर नाही’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. हे वाक्य संस्थाचालकाला ठामपणे सांगणारं कुणी नसतं, म्हणून मुली गुपचूप यायच्या बंद होतात आणि ‘हल्लीच्या मुलींना सेवेची आवड नाही’ असा निष्कर्ष काढला जातो.

चौथी, साधनं आणि प्रशिक्षण. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा करमाळा, माढा, मोहोळच्या गावांकडे शहरातून कितीतरी गट धान्य आणि पाणी घेऊन गेले. पुराच्या पाण्यात उतरायचं तर गमबूट, जाड हातमोजे, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि लेप्टोस्पायरोसिस (पुराच्या दूषित पाण्यातून होणारा ताप) टाळण्याच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांचा सल्ला ही किमान तयारी. वाहत्या पाण्याजवळ लाइफ जॅकेटशिवाय कुणालाच सोडायचं नाही. मदतीला निघालेला माणूसच मदत लागणाऱ्यांच्या यादीत गेला की बचाव पथकाचं काम दुप्पट होतं. आपत्तीत मदत करणारे स्वयंसेवक तयार करणाऱ्या सरकारच्या आपदा मित्र योजनेत प्रशिक्षण, साहित्य आणि विमा तिन्ही धरलेले आहेत. मंचाने मागायचं ते हेच, की जे प्रशासनाला आपल्या नोंदणीतल्या लोकांसाठी आवश्यक वाटतं ते बोलावून घेतलेल्या इतर गटांनाही लागू व्हावं.

मग बोलणार कोण?

संस्थेचे अध्यक्ष किंवा सचिव बोलतील, असं बहुतेकांना वाटतं. चांगले अध्यक्ष बोलतातही. पण विम्याचा खर्च संस्थेच्या खिशातून जायचा असतो आणि तक्रार कधी कधी संस्थेविरुद्धच असते. तेव्हा एकाच माणसाला दोन्ही बाजूंनी बोलायला लावणं त्याच्यावरही अन्याय आहे.

राजकीय पुढारी पटकन काम करून देतात, एका फोनवर रुग्णवाहिका येते. त्यांची मदत नाकारू नये. पण मंचाचं नेतृत्व त्यांच्याकडे गेलं की निवडणुकीच्या महिन्यात स्वयंसेवकांची यादी बूथच्या कामाला लागते, आणि दुसऱ्या पक्षाच्या घरातली मुलं निघून जातात. ही गोष्ट इतक्या मंडळांत घडली आहे की पुरावा देत बसायची गरज नाही.

कामगार संघटनेबद्दल वर लिहिलंच आहे. १९२६ चा कामगार संघटना कायदा घ्या किंवा त्याच्या जागी आलेली २०२० ची औद्योगिक संबंध संहिता घ्या, दोन्हींचा पाया काम देणारा आणि काम करणारा यांचं नातं आहे. निव्वळ स्वयंसेवकांची युनियन म्हणून नोंदणी मागायला गेलात तर अडकाल. मात्र वाटाघाटी कशा करायच्या, निवेदनाची पोच कशी घ्यायची, इतिवृत्तात आपलं म्हणणं कसं लिहून घ्यायचं हे शिकायला युनियनच्या जुन्या कार्यकर्त्यांसारखा गुरू नाही.

संघटित बोललं की काय होतं याची दोन उदाहरणं पुरेशी आहेत. दहीहंडीत थर लावणारे गोविंदा दर वर्षी जायबंदी व्हायचे. गोविंदा पथकांनी एकत्र येऊन मागणी लावून धरली, आणि २०२३ साली राज्य सरकारने पन्नास हजार गोविंदांना विमा संरक्षण दिलं, मृत्यू झाल्यास दहा लाखांपर्यंत. दुसरं रस्त्यावरचं. अपघातातल्या जखमीला उचलणाऱ्याला पोलीस ठाण्याचे हेलपाटे पडत. सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली, ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक झाल्या, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आलं. सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर आता दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. पुणे, हैदराबाद आणि विजयपूरचे महामार्ग जिथे एकत्र येतात त्या सोलापुरात हे कलम प्रत्येक स्वयंसेवकाला पाठ असायला हवं.

रचना कशी असावी

प्रत्येक संस्थेत, मंडळात, पथकात स्वयंसेवकांनी आपल्यातून दोन प्रतिनिधी निवडावेत, त्यांतली एक स्त्री. निवड चिठ्ठीने करावी, कारण हात वर करून मतदान घेतलं की सगळे अध्यक्षांच्या तोंडाकडे बघतात. महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेच्या सल्लागार समितीत विद्यार्थी स्वयंसेवकांना जागा आहे. ती बऱ्याच ठिकाणी नावापुरती भरली जाते, तेव्हा तिथले प्रतिनिधी आधी शोधून काढावेत. या सगळ्यांचा मिळून शहराचा मंच. मुदत दोन वर्षं आणि सलग दोनच वेळा. वर्षभरात प्रत्यक्ष काम न केलेल्याला मतदान नाही. कोणत्याही पक्षाचा पदाधिकारी मंचाचा पदाधिकारी नाही. ही शेवटची दोन कलमं पहिल्याच दिवशी लिहून काढा, नंतर ती घालता येत नाहीत.

बैठकीच्या वेळेचा विचार मात्र कुणी करत नाही आणि सगळं तिथेच ठरतं. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबात असते. दुपारी तीनची बैठक म्हणजे तिच्या त्या दिवसाच्या मजुरीला कात्री. यंत्रमागावरच्या माणसाची पाळी संपते तेव्हा त्याच्यात बैठकीचा जोर उरलेला नसतो. परिणाम असा की मंचावर निवृत्त, व्यापारी आणि विद्यार्थीच उरतात, आणि त्यांना जे त्रास होत नाहीत त्यांची चर्चाच होत नाही. बैठक दर वेळी वेगळ्या भागात घ्या, एक तासात आटोपा, आणि न येऊ शकणाऱ्यांचं म्हणणं फोनवर आधी टिपून इतिवृत्तात वाचा.

नोंदणीची घाई करू नका. पहिलं वर्ष साध्या समन्वय समितीवर भागतं. पुढे बँक खातं, गट विमा, देणग्या अशी गरज लागली की किमान सात जणांनी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि त्याबरोबरच महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी करावी. काम धर्मादाय कार्यालयात होतं. घटना, नियमावली आणि सदस्यांचे ओळखपुरावे नीट असले तर ते अवघड नाही. अवघड आहे ते पुढचं. दर निवडीनंतर ९० दिवसांत समिती बदलल्याची नोंद करायला बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहिला की कागदावर जुनीच समिती चालू राहते, नवी बँकेत सही करू शकत नाही, दोन गट पडतात आणि वकिलांची फी वाढत जाते. चांगल्या संस्था भ्रष्टाचारापेक्षा या एका अर्जापायी जास्त ठप्प होतात. तेव्हा निवडीच्याच दिवशी अर्जावर सह्या घ्या. दर वर्षी लेखापरीक्षणही करा, वर्षभरात चार हजार रुपये आले असले तरी.

पहिलं निवेदन

दहा मागण्यांचं निवेदन फाइलला लागतं, तीन मागण्यांचं वाचलं जातं. जानेवारीतल्या गड्ड्यासाठी द्यायचं असेल तर ऑक्टोबरच्या शेवटी द्या, कारण डिसेंबरात बंदोबस्त आणि खर्च दोन्ही ठरून गेलेले असतात. एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात, एक महापालिका आयुक्तांकडे, एक पोलीस आयुक्तालयात आणि एक आयोजकांकडे. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. मजकूर एवढाच पुरे: नियोजनाच्या बैठकीत स्वयंसेवकांच्या दोन प्रतिनिधींना बसू द्यावं, यादीतल्या प्रत्येकाला यात्रेच्या दिवसांपुरता उपचारखर्चासह अपघात विमा असावा, यात्रा भरते त्या होम मैदानावर आणि मिरवणुकीच्या मार्गावर चार तासांनी बदली, पिण्याचं पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह असावं. निवेदनासोबत यादी जोडा: नाव, वय, भाग, कामाचा प्रकार, विमा आहे की नाही. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर आवक क्रमांक घालून स्मरणपत्र द्या, आणि बैठकीचं बोलावणं आलं की तिथे पाठवायची दोन माणसं आधीच ठरवून ठेवा. त्यातला एक तरी गेल्या वर्षी साखळीत उभा राहिलेला असावा.